आमच्या सरांनी पकडलेले सूर्यकण

आमचे सर कुणाशीही हात मिळवायच्या आधी नळाला हात लावत. नळ जवळ नसला तर खिडकीच्या गजाला, गज नसला तर टेबलाच्या लोखंडी पायाला. अंगातली स्थिर वीज आधी जमिनीत सोडून द्यायची आणि मगच समोरच्या माणसाला स्पर्श करायचा, असा त्यांचा नियम होता. प्रयोगशाळेत या नियमाला अर्थ होता. तिथं सिलिकॉनच्या नाजूक चकत्या असायच्या आणि बोटातून उडालेली एखादी न दिसणारी ठिणगीसुद्धा त्यांचा जीव घ्यायला पुरायची. पण सर लग्नातही तेच करायचे. नवरदेवाला आहेर द्यायच्या आधी मांडवाच्या खांबाला हात लावताना मी त्यांना स्वतः बघितलं आहे. खांब बांबूचा होता आणि बांबूतून वीज जमिनीत जात नाही, हे पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकाला कोण सांगणार?

काही जणांशी हात मिळवून झाल्यावरही सर परत नळाकडे जात. कुणाकुणाशी, हे विभागात आल्यावर मला लवकरच पाठ झालं. माझ्याशी एकदाच हात मिळवला होता, एम. एस्सी.ला पहिली आले तेव्हा. त्यानंतर ते बेसिनपाशी गेले आणि नळ सोडून बराच वेळ हात धूत उभे राहिले. या दुसऱ्या स्पर्शाचं शास्त्र मला विजेच्या कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही. आमच्या गडमुडशिंगीत मात्र ते सगळ्यांना न शिकवता येत होतं.

हे नव्वदीच्या दशकातलं. कोल्हापुरात विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात मी आधी विद्यार्थिनी होते, मग सरांच्या प्रकल्पावर संशोधक झाले. सर पूर्वी एका मोठ्या शहरातल्या मोठ्या संस्थेत होते. तिथून ते कोल्हापूरला का आले, याचं त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "कोल्हापूरला माझी गरज होती." कोल्हापूरला तसं कधी जाणवलं होतं का, याची चौकशी कुणी केली नाही. आणि त्या मोठ्या संस्थेतल्या लोकांनी त्यांना थांबवण्याचा फार आग्रह केला नसावा, असा माझा आपला अंदाज.

सरांचं काम होतं अवकाशातले कण मोजण्याचं. अवकाश रिकामं नसतं. सूर्यावरून आणि त्याहून कितीतरी लांबून विजेचा भार घेतलेले बारीक कण तिथं सुसाट धावत असतात. ते उपग्रहांची यंत्रं बिघडवतात, अंतराळात गेलेल्या माणसाच्या अंगातून आरपार जातात. ते किती आहेत, कुठून येतात, किती जोराचे आहेत हे कळावं म्हणून उपग्रहावर एक यंत्र बसवतात. यंत्र म्हणजे मुठीएवढी नळी. आत एकामागे एक ठेवलेल्या सिलिकॉनच्या चकत्या. कण आत शिरला की चकतीत विजेचा एक बारीक ठोका पडतो. कमी जोराचा कण पहिल्या चकतीतच थांबतो, जास्त जोराचा दुसरीत जातो, फार जोराचा सगळ्या चकत्यांतून पार होतो. ठोका केवढा पडला आणि कण कुठं थांबला यावरून तो कोण हे ओळखायचं. नळीच्या तोंडावर ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ पापुद्रा असतो. त्यानं कणांना आत सोडायचं आणि उजेडाला बाहेर ठेवायचं, एवढंच त्याचं काम. कारण सिलिकॉनला उजेड लागला तरी तो कण आल्यासारखे ठोके द्यायला लागतो. त्याला फरक कळत नाही.

या चकत्यांनी सर माणसं मोजायचे. कुलगुरू दुसऱ्या चकतीतले. विभागातले इतर प्राध्यापक पहिलीतले. परीक्षा विभागातली सगळी मंडळी पापुद्र्यावरच आपटून खाली पडणारी. स्वतः सर अर्थातच आरपार. एकदा त्यांच्या घरी आम्ही विद्यार्थी गेलो होतो. काकू चहा घेऊन आल्या, तेव्हा सर आमच्यादेखत म्हणाले, "आमच्या ह्या पापुद्र्याच्याही अलीकडच्या." आणि मोठ्यानं हसले. काकूंनी ट्रे ठेवला आणि आत गेल्या. आमच्यातलं कुणी हसलं नाही, ते सरांच्या लक्षात आलं नाही. त्यांच्याकडे शोकेसमध्ये सोनेरी रंगाचा एक पातळ तुकडा ठेवलेला होता. उपग्रहाला गुंडाळतात त्या कापडाचा. येणाऱ्या प्रत्येकाला ते एका बोटानं त्याला हात लावू देत, देवळात मूर्तीच्या पायाला लावू देतात तसा. मीही लावला. चॉकलेटच्या कागदासारखा लागला.

संशोधनासाठी अर्ज घेऊन गेले तेव्हा सर मला ओळखत होते, तरी कधी न पाहिल्यासारखी चौकशी केली. तो संवाद मला शब्दशः आठवतो.

"कुठली तू?"

"गडमुडशिंगी, सर."

"वडील?"

"एस. टी.त कंडक्टर आहेत."

मग त्यांनी अर्जावरचं आडनाव वाचलं. "हं," म्हणाले. शहरातल्या, शिकलेल्या घरातून आलेल्या मुलामुलींना ते अहो-जाहो करत. आमच्यासारख्यांना अरे आणि अगं. "पहिली चकती," ते म्हणाले. "बघू, चालवून घेऊ." चालवून घेण्याचं कारण माझी गुणपत्रिका नव्हती. वर्गातली हुशार म्हणवणारी सगळी मुलं कॉम्प्युटरचे कोर्स करून पुण्याला पळाली होती आणि प्रकल्पावर माणूस दाखवणं भाग होतं.

बाबांना माझ्या कामाचं फार कुतूहल. ड्यूटीवरून आले की विचारायचे, "काय मोजता गं तुमी तितं?"

"अवकाशातले कण, बाबा."

"दिसत्यात व्हय?"

"न्हाई. आत शिरलं की ठोका पडतो. त्यावरनं ओळखायचं."

"आमच्या शिटा बऱ्या की मग," बाबा म्हणायचे, "इचारल्यावर कुटं उतरायचं त्ये तरी सांगत्यात." आणि आईकडे बघून, "पर कायबी म्हन, आपल्या पोरीचं काम आभाळात हाय." हे ते स्टँडवरही सगळ्यांना सांगत.

यंत्र बांधणं हे अनेक संस्थांचं मिळून काम होतं. आमच्या वाट्याला त्याचा एक छोटा भाग आला होता. चकत्या तपासून द्यायच्या आणि पापुद्रे तपासून द्यायचे. सर मात्र "माझं यंत्र" असंच म्हणायचे. पापुद्रा तपासायची रीत ठरलेली होती. खोलीत मिट्ट काळोख करायचा, पापुद्र्यामागं प्रखर दिवा धरायचा आणि कुठं सुईच्या टोकाएवढं जरी छिद्र असलं तरी ते चमकतं, ते शोधायचं. वेळखाऊ, डोळे फोडणारं काम. ज्या दिवशी ते करायचं होतं, नेमक्या त्याच दिवशी शहरातले एक पुढारी यंत्र बघायला आले, सोबत पेपरचा फोटोग्राफर घेऊन. सरांनी चौकटीत बसवलेला पापुद्रा उचलला, खिडकीच्या उजेडात वर धरला, एक डोळा मिटला. फोटो निघाला.

"झकास," सर पुढाऱ्यांना म्हणाले. "एकदम निर्दोष."

"सर, काळोख करून बघायचंय अजून," मी म्हणाले.

"अगं, माझे डोळे तुझ्या काळोखापेक्षा बरे आहेत," ते म्हणाले. पुढारी हसले. सरांनी लगेच तपासणीच्या कागदावर सही केली, पापुद्रा डब्यात गेला, डबा यंत्राच्या जुळणीसाठी बंगळूरला गेला. तो फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात आला. सरांनी तो मोठा करून, चौकट करून स्वतःच्या खुर्चीमागं लावला. आपल्या हलगर्जीपणाचा पुरावा इतक्या हौसेनं भिंतीवर टांगणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

पुढं यथावकाश उपग्रह वर गेला. विभागात पेढे वाटले. यंत्रानं मोजलेली माहिती सीडीवर आमच्याकडे यायला लागली आणि ती उलगडून आलेख काढायचं काम माझ्याकडे आलं. जोरदार कणांचं मोजमाप ठीक दिसत होतं. पण सगळ्यात कमी जोराच्या कणांच्या जागी आकडा नुसता फुगलेला होता. इतके कण तिथं असतील अशी कुणाचीच अपेक्षा नव्हती. सरांनी आलेख बघितला आणि खुर्चीत मागं रेलले.

"हे आजवर कुणी पाहिलेलं नाही," ते म्हणाले. आणि मी काही बोलायच्या आत फोन उचलला.

पेपरात बातमी आली, कोल्हापूरच्या शास्त्रज्ञानं सूर्यकण पकडले. हा सूर्यकण शब्द सरांचाच. मग सत्कार झाला. शाल, श्रीफळ, फेटा, हलगी. तेच पुढारी भाषणाला उभे राहिले आणि म्हणाले, "आमच्या मातीतल्या माणसानं सूर्यावर यंत्र बसवलंय!" टाळ्या पडल्या. सर फेटा सावरत मान लववत होते. यंत्र पृथ्वीभोवतीच फिरत होतं. सूर्य त्याला जवळजवळ तितकाच लांब होता, जितका रंकाळ्यावर भेळ खाणाऱ्याला असतो. सरांनी ती दुरुस्ती केली नाही. दुरुस्त्या ते फक्त आमच्या वह्यांत करायचे, तांबड्या शाईनं.

माझ्या मनात मात्र काहीतरी खटकत होतं. मी तो फुगलेला आकडा आणि उपग्रहाची जागा एकमेकांसमोर ठेवून बघितली. उपग्रह पृथ्वीभोवती फिरताना दर फेरीत काही वेळ पृथ्वीच्या सावलीत जातो. तो सावलीत शिरला रे शिरला की सूर्यकण बंद. बाहेर आला की सुरू. एकदा नाही, दर फेरीला. बटण दाबावं तसं. आता कणांना सावली कळत नाही. ते पृथ्वीच्या चुंबकाच्या ओढीनं वळत, फिरत येतात. सावलीत शिरल्याबरोबर झटक्यात बंद होणारी गोष्ट एकच, आणि ती आमच्या गावात कुणालाही ओळखता आली असती. ऊन.

कपाटात त्याच गठ्ठ्यातला एक जादा पापुद्रा शिल्लक होता. दुपारी सर जेवायला गेले होते. मी आतल्या खोलीच्या खिडक्यांना काळे कागद लावले, दार लावून घेतलं आणि पापुद्र्यामागं दिवा धरला. काळ्या कापडावर कुणीतरी बारीक सुईनं टोचून ठेवावं, तसे ठिपके लुकलुकले. पाच-सहा इथं, चार तिथं. मी तशीच बघत उभी राहिले. इतकं सुंदर आणि इतकं लाजिरवाणं एकाच वेळी काही असू शकतं, हे मला तेव्हा कळलं.

सर आल्याबरोबर मी सांगितलं. "सर, ते कण नाहीत. ऊन आहे."

"काय आहे?"

"ऊन, सर. पापुद्र्याला छिद्रं असणार. शिल्लक राहिलेल्याला आहेत, मी आत्ता बघितली. त्यातनं सूर्याचा उजेड चकतीवर पडतोय, आणि सावलीत गेलं की थांबतोय. हा बघा आलेख."

सरांनी आलेख बघितला. बराच वेळ बघितला. मग ते उठले, शेजारच्या खोलीत गेले आणि तिथं चहा पीत बसलेल्या दोन प्राध्यापकांना बोलावून घेऊन आले. "या, या. ऐका जरा. आमची ही विद्यार्थिनी म्हणते, मी इतके दिवस ऊन मोजतोय." ते दोघं हसले. सरांना अजून चेव आला. "अगं, ऊन मोजायला तुमच्या गावात वाळवणं घालतात. इथं फिजिक्स चालतं."

त्या दिवसापासून विभागात माझं नाव ऊनवाली पडलं. सर कॉरिडॉरच्या टोकावरून हाक मारायचे, "ए ऊनवाली, चाव्या आण." शिपायापर्यंत सगळ्यांना पाठ. नवीन आलेल्या मुलांना वाटायचं माझं आडनावच तसलं काही असावं. मी प्रबंध लिहिला, त्यात उन्हाचं एक प्रकरण घातलं. सरांनी ते प्रकरण टाचणीसकट काढून माझ्यापुढं टाकलं. "हे असेल तर माझी सही नाही." आणि मार्गदर्शकाची सही नसलेला प्रबंध रद्दीवाल्याला सोडून कुणाच्याच उपयोगाचा नसतो. माझी शिष्यवृत्ती संपली. बाबा निवृत्तीला आले होते. स्टँडवरची माणसं त्यांना विचारायची, "काय, पोरीचं झालं का न्हाई अजून आभाळातलं?" बाबा घरी येऊन ते सांगायचे नाहीत, पण आई सांगायची. प्रकरण काढून टाक आणि मोकळी हो, असं मला विभागातल्या बऱ्याच भल्या माणसांनी सुचवलं. मी काढलं नाही. त्यात शौर्य फारसं नव्हतं. खोटा आलेख काढायला माझा हातच वळेना, एवढंच.

असं दीड-दोन वर्षं चाललं. मग बंगळूरला आढावा बैठक ठरली. यंत्रावर काम केलेल्या सगळ्या संस्था आपापलं काम मांडणार होत्या. सरांनी मला सोबत नेलं, कारण लॅपटॉप त्यांना चालू करता येत नव्हता. बैठकीच्या प्रमुख एक वयस्कर बाई होत्या. सुती साडी, पांढरे केस, आवाज इतका हळू की ऐकायला सगळी खोली पुढं झुकायची. सरांनी सूर्यकणांचा आलेख दाखवला आणि त्यावर बरंच काही बोलले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग इंग्रजीत विचारलं, "हे सावलीत का नाहीसे होतात?"

सर चुंबकीय क्षेत्राबद्दल बोलले. बाईंनी तोच प्रश्न, त्याच आवाजात, परत विचारला. सर आता सौर वाऱ्याबद्दल बोलले. बाईंनी त्यांच्यावरची नजर काढून लॅपटॉपपाशी उभ्या असलेल्या माझ्याकडे वळवली. "हा आलेख तुम्ही काढलात का?"

"हो."

"तुम्हाला काय वाटतं?"

शेजारी सर उभे होते आणि माझ्या प्रबंधाची सही त्यांच्या खिशातल्या पेनात होती. "ऊन आहे, मॅडम," मी म्हणाले. मग शिल्लक पापुद्र्याचं, दिव्याचं, ठिपक्यांचं सगळं सांगितलं. इंग्रजी तोडकंमोडकं होतं, पण सांगायचं काही राहिलं नाही. सर माझा इथंच, सगळ्यांसमोर पाणउतारा करणार, हे धरून मी उभी होते.

सरांनी टेबलाच्या लोखंडी पायाला हात लावला. घसा खाकरला. आणि हसून म्हणाले, "मीच हिला या कामाला लावलं होतं. गेली दोन वर्षं आम्ही याचाच पाठलाग करतोय. पक्कं झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, अशी आमच्या विभागाची शिस्त आहे. म्हटलं, आज तिलाच सांगू द्यावं."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर लाज, भीती, संकोच, काही म्हणजे काही नव्हतं. खरोखर तसंच घडलं होतं, अशा खात्रीनं ते उभे होते.

"पापुद्रा तपासून दिला होता ना?" बाईंनी विचारलं.

"निर्दोष होता. उड्डाणाच्या हादऱ्यानं गेला असणार."

बाईंनी त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या संस्थेला बोलावलं. बाहेर पडताना त्या माझ्यापाशी क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "सावलीतलं मोजमाप चांगलं आहे. ते वापरा." माझ्या सगळ्या शिक्षणात मला मिळालेली ही सगळ्यात मोठी शाबासकी.

परतीच्या गाडीत सर संत्री सोलत बसले होते. "बघितलंस कसं सावरलं?" ते म्हणाले.

मी खिडकीबाहेर बघत होते.

"तुलाच सावरलं मी. नाहीतर त्यांनी विचारलं असतं, इतके दिवस गप्प का होतीस म्हणून." आणि त्यांनी मला संत्र्याच्या दोन फोडी दिल्या. मी त्या खिडकीतून टाकल्या. त्यांना वाटलं, आंबट निघाल्या.

प्रबंधावर सही झाली. प्रकरण राहिलं. त्यावरचा शोधनिबंध निघाला, पहिलं नाव सरांचं, दुसरं माझं. पेपरात परत बातमी आली. स्वतःच्याच शोधातली चूक प्रामाणिकपणे शोधून काढणारा शास्त्रज्ञ, असं काहीसं तिचं शीर्षक होतं. परत सत्कार, तेच पुढारी, तोच हॉल, नवा फेटा. चूक केल्याबद्दल एकदा आणि ती दुसऱ्यानं शोधल्याबद्दल एकदा, असे दोन सत्कार झालेला माणूस माझ्या माहितीत हा एकच.

मला गारगोटीला एका कॉलेजात नोकरी लागली. बाबांनी स्टँडवर पेढे वाटले. मी मुलांना पदार्थविज्ञान शिकवायला लागले आणि सरांना विसरायलाही. पण सर विसरू देणाऱ्यातले नव्हते. निवृत्त झाल्यावर ते गावोगावच्या शाळा-कॉलेजांतून व्याख्यानं देत फिरू लागले. एका वर्षी विज्ञान दिनाला आमच्या प्राचार्यांनी त्यांनाच बोलावलं. प्राचार्य मोठ्या उत्साहानं मला म्हणाले, "मॅडम, तुमचेच सर न्हवं का? मग आभार तुमीच माना. त्यांनाबी बरं वाटंल."

हॉल गच्च भरला होता. मी दुसऱ्या रांगेत होते. सरांनी मला ओळखलं नाही, किंवा तसं दाखवलं. व्याख्यानाचा विषय होता 'सूर्यानं मला फसवलं तेव्हा'. सर बोलायचे चांगले, हे कबूल केलं पाहिजे. मुलं श्वास रोखून ऐकत होती. सर सांगत होते, "आणि मग एका दुपारी मी खोलीत काळोख केला, पापुद्र्यामागं दिवा धरला, आणि काय सांगू मुलांनो, मला चक्क चांदणं दिसलं!"

मुलांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या हातातला दिवासुद्धा त्यांनी घेतला होता. मी म्हटलं, घ्या. तेवढ्यावर थांबले असते तर मी ठरल्याप्रमाणे गुलाबाचं फूल आणि चार गोड वाक्यं देऊन मोकळी झाले असते. पण सर पुढं म्हणाले, "माझी एक विद्यार्थिनी होती. खेड्यातली, बिचारी. ती सारखी म्हणायची, सर, हे नवे कण आहेत, पेपरात देऊ या. मी म्हणायचो, थांब बाळ, विज्ञानात घाई करायची नसते."

आभाराला मी माइकपाशी गेले. हातातला कागद घडी करून ठेवला.

"सरांनी आत्ता जिच्याबद्दल सांगितलं, ती विद्यार्थिनी मी," मी म्हणाले. "गोष्ट खरी आहे, फक्त तिच्यात माणसांची अदलाबदल झालेली आहे. नवे कण आहेत, असं सर म्हणत होते. ऊन आहे, असं मी म्हणत होते. त्या दुपारी दिवा माझ्या हातात होता आणि सर जेवायला गेले होते. त्याच्याही आधी पापुद्रा काळोखात न तपासता सरांनी त्यावर सही केली होती, तेव्हाही मी तिथं होते. नंतर दीड-दोन वर्षं सर मला ऊनवाली म्हणून हाक मारायचे. त्याबद्दल मी त्यांचे मनापासून आभार मानते. कारण त्या सगळ्या विभागात तेवढा एकच शब्द खरा होता."

मागच्या बाकावरचं एक पोरगं "आयला!" म्हणालं आणि त्याच्या शेजारच्यानं त्याचं तोंड दाबलं. प्राचार्यांचा चेहरा पांढराफटक. मी सरांकडे बघितलं. इतक्या वर्षांनी मला त्या चेहऱ्यावर काहीतरी बघायचं होतं. काहीही चाललं असतं.

सर उठले. दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवायला लागले. "शाब्बास!" ते गरजले. "ही माझी विद्यार्थिनी! गुरूसमोर असं ताठ उभं राहून बोलायला मी शिकवलंय हिला!" त्यांनी वाजवलेल्या टाळ्या बघून प्राचार्यांनी वाजवल्या, प्राचार्यांच्या बघून सगळ्या हॉलनं. पोरं उभी राहिली. शिट्ट्या पडल्या. सरांनी हसतमुखानं सगळ्या बाजूंना नमस्कार केला. मी माइकपाशी उभीच होते.

प्राचार्यांच्या खोलीत जेवण ठेवलं होतं, तांबडा-पांढरा रस्सा, सगळा बेत. प्राचार्य भाकरी संपल्या म्हणून बघायला बाहेर गेले आणि खोलीत आम्ही दोघंच राहिलो. मी बसले नव्हते. सर वाटीतला रस्सा संपवत होते. मान वर न करता ते म्हणाले, "तुला एक सांगू? मला ते पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"काय?"

"ऊन आहे ते. सीडी आली, आलेख बघितला, तेव्हाच. तुझ्या कितीतरी आधी."

"मग?"

"मग काय? पेपरवाल्याला फोन करून झाला होता." त्यांनी रुमालानं तोंड पुसलं. आवाजात नेहमीचा गडगडाट नव्हता. साधं, सरळ बोलत होते. "एकदा फेटा बांधायला माणसं आली की डोकं मागं घेता येत नाही."

तेवढ्यात प्राचार्य भाकरीची टोपली घेऊन आले. "काय पावणं, हात का थांबला? वाढू की अजून पांढरा!"

"वाढा की!" सर मोठ्यानं म्हणाले आणि हसायला लागले.

मी बाहेर पडले, तास घेतला, एस. टी. पकडून घरी आले. त्या वाक्याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. ते खोटं असेल, तर माझ्याकडून शेवटची उरलेली गोष्ट, पहिल्यांदा कळल्याचा मान, तोही त्यांनी भाकरीबरोबर खाल्ला. म्हणजे माणूस मला वाटला होता तितकाच हलका. आणि ते खरं असेल, तर मला ऊनवाली म्हणून हाक मारताना दर वेळी त्यांना माहीत होतं की मी बरोबर आहे. म्हणजे मला वाटला होता त्याहूनही हलका. यातलं काय खरं धरावं हे अजून ठरलेलं नाही, आणि दोन्हींत मला काही निवडण्यासारखं दिसत नाही.

पुढं काही वर्षांनी सर वारले. विभागानं शोकसभा ठेवली होती, मला आवर्जून निरोप आला. पण शोकसभेत आभार मानायची पद्धत नसते, म्हणून गेले नाही.